सासूबाई एक सांगतात, सिस्टर दुसरंच: गरोदरपणातल्या उलटसुलट सल्ल्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विदर्भातल्या उपकेंद्रात, अंगणवाडीत आणि घराच्या ओट्यावर पुन्हा पुन्हा ऐकू येतात. उत्तरं देताना इथलं शेत, इथलं जेवण आणि इथला उन्हाळा धरला आहे. तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर डॉक्टरांनी काही वेगळं लिहून दिलं असेल, तर आधी ते पाळा.

सासूबाई, आशाताई, खाजगी डॉक्टर आणि मोबाईल, चौघांचं चार. ऐकायचं कोणाचं?

चौघं खरंच एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का, हे आधी पाहा. बहुतेक वेळा तसं नसतं. शेजारणीची वार खाली होती म्हणून डॉक्टरांनी तिला आराम सांगितला. तुमचं सगळं ठीक आहे म्हणून सिस्टर तुम्हाला रोज चाला म्हणते. सल्ले दोन्ही बरोबर आहेत, बाया वेगळ्या आहेत. महिन्याचंही तसंच. जंताची गोळी पहिल्या तीन महिन्यांत द्यायची नाही, चौथ्यापासून द्यायची. एक बाई दुसऱ्या महिन्यात ऐकून येते आणि पाचव्या महिन्यातल्या बाईला ‘घेऊ नको’ म्हणून सांगते.

तिसरा फरक काळाचा. आजीच्या वेळी रक्त तपासायची सोय गावात नव्हती आणि बाळ अडलं तर बैलगाडीशिवाय काही नव्हतं. ‘कमी खा, पोर लहान राहू दे’ हा त्या काळच्या भीतीतून आलेला हिशोब होता. भीती खरी होती, उपाय चुकीचा होता.

म्हणून कुठलाही सल्ला आला की तीन गोष्टी विचारा. हे कोणत्या महिन्यासाठी आहे? माझा कोणता रिपोर्ट पाहून सांगताय? आणि ऐकलं तर माझं काय कमी होईल? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. काळा दोरा बांधला, ओटी भरली, तिन्हीसांजेला नदीकडे गेलं नाही, तर काहीच कमी होत नाही. घरात शांतता राहते, करून टाका. पण ज्या सल्ल्याने ताटातलं अन्न, गोळी, तपासणी किंवा दवाखान्यात पोचायचा वेळ कमी होतो, तो कोणीही दिलेला असो, सिस्टरला विचारल्याशिवाय मानायचा नाही.

डॉक्टर म्हणतात नववा लागला, घरच्या हिशोबाने आठवाच आहे. असं कसं?

घरी मोजणी पाळी चुकली तेव्हापासून होते, दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तिथेच चार आठवड्यांचा फरक पडतो. कार्डावरची तारीख अशी काढतात: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १० जूनला पाळी आली असेल तर तारीख १७ मार्च. हे होतात २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आपलं जुनं ‘नऊ महिने नऊ दिवस’ यापासून दोनच दिवस लांब आहे, फक्त मोजायला सुरुवात त्याच दिवसापासून हवी.

पाळीची तारीख आठवत नसेल तर सणावरून काढा. पोळ्याच्या आधी आली होती की नंतर? महालक्ष्म्यांच्या वेळी शिवाशिव होती का? आशाताई कॅलेंडर समोर ठेवून हेच विचारते, आणि चार-पाच दिवसांच्या फरकाने तारीख सापडते.

सोनोग्राफीबद्दलचा गोंधळ जरा वेगळा आहे. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी पाच-सात दिवसांच्या फरकाने तारीख सांगते. नवव्या महिन्यातली तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते, कारण तोवर कुणाचं बाळ अंगाने भरलेलं असतं, कुणाचं बारीक. म्हणून प्रत्येक रिपोर्टवर नवी तारीख छापून आली तरी ती धरायची नाही. पहिल्या सोनोग्राफीवरून आणि पाळीवरून एकदा ठरलेली तारीखच खरी.

हिशोब चुकला की दोन्हीकडून फटका बसतो. ‘अजून महिना आहे’ म्हणत बाई वेचणीला जाते आणि कळा शेतात सुरू होतात. किंवा ४१ आठवडे उलटून गेले तरी घरचे ‘भरले नाहीत अजून’ म्हणून थांबतात. ४१ व्या आठवड्यात कळा नसल्या तरी दवाखान्यात दाखवायचं असतं.

जाता जाता एक: ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे उलटं आहे. बाळ जितके आठवडे जास्त पोटात राहील तितकं त्याचं फुप्फुस तयार होतं. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच बरं. ३७ आठवडे भरले की दिवस पूर्ण झाले.

जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं घरचे म्हणतात.

बाळंतपण अडतं ते बहुतेकदा बाळाचं डोकं नीट फिरलेलं नसतं म्हणून, कमरेचं हाड अरुंद असतं म्हणून किंवा कळांना जोर नसतो म्हणून. भाकरी कमी केल्याने यातलं काहीच सुधारत नाही. कमी खाल्लेल्या बाईचं बाळ अडीच किलोच्या खाली भरतं, दूध ओढायला कमी पडतं, लवकर गार पडतं आणि आजारी पडतं. बाळ खरंच फार मोठं होतं ते आईची साखर वाढलेली असेल तर. त्यावर उपाय उपाशी राहणं नाही, साखर तपासणं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात.

किती जास्त खायचं? ‘दोघांचं’ नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. घरच्या मापात सांगायचं तर ४० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकर, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण आणि २० ग्रॅम, म्हणजे एक छोटी मूठ, शेंगदाणे. शेवटच्या तीन महिन्यांत त्यात एक अंडं घाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेली जास्तीची २२ ग्रॅम प्रथिनं जवळपास तिथे भरतात. अंडं चालत नसेल तर फुटाणे किंवा एक वाटी उसळ.

खरी अडचण माहितीची नाही, पातेल्याची आहे. सून शेवटी जेवते. तोवर वरणात दोनदा पाणी पडलेलं असतं. डाळ घोटली की पाणी वाढवण्याआधी घट्ट वरणाची एक वाटी तिच्या नावाने बाजूला काढून झाकून ठेवायची, एवढंच करा. सासूबाईंनी ती वाटी काढली तर उत्तमच.

वजन एकूण १० ते १२ किलो वाढायला हवं, चौथ्या महिन्यापासून महिन्याला दीड-दोन किलो. मुळात हडकुळ्या बाईला थोडं जास्तही चालतं. मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते तिथेच बसून खा. डब्यात घरी नेलं की त्याचे चार वाटे होतात.

गरम पडतं, थंड पडतं… नेमकं काय टाळायचं?

टाळायची यादी लोकांना वाटते त्यापेक्षा फार लहान आहे. कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई नको, कारण तिच्या चिकात गर्भाशय आकुंचन पावेल असे घटक असतात. पूर्ण पिकलेल्या पपईत तो चीक उरत नाही, ती चालते. अंडं उकडून पूर्ण घट्ट करा. मटण, मासे, झिंगे नीट शिजलेले हवेत. दूध उकळूनच. मोहाची फुलं शिजवून खाल्ली तर हरकत नाही, मोहाची दारू घोटभरही नाही. भंडारा, गोंदियाकडे लाखोळीची डाळ स्वस्त मिळते, पण तिच्यात पायांच्या नसांना बाधणारा घटक असतो. रोजची डाळ म्हणून ती नको.

जवस आणि तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, अंबाडी, तरोटा, पालक, बोरं, संत्री, केळी, हे सगळं खा. अंबाडी आंबट म्हणून बंद करतात, आणि गावात फुकट मिळणारी एक चांगली पालेभाजी हातची जाते.

दूध-केळं खाल्लं की बाळाच्या अंगाला पांढरं चिकटतं म्हणतात. तो पांढरा थर प्रत्येक बाळाच्या कातडीवर पोटातच तयार होतो, पाण्यात राहूनही कातडी नरम राहावी म्हणून. आईने दूध प्यायलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. केशराने रंग उजळत नाही. त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

लाल गोळीने बाळ काळं होतं का? मला तर मळमळतं, शी पण काळी होते.

बाळाचा रंग आई-बापाकडून येतो. शी काळी होते ती न पचलेल्या लोहामुळे. गोळी पोटात गेल्याची ती खूण आहे, घाबरायचं काही नाही.

या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथा महिना लागला की रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिडची गोळी असते. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, ११ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर लाल गोळ्या दिवसाला दोन करतात. महिन्याभरात साधारण एक ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी पोटात जात नाही, जाऊनही लागत नाही, किंवा कारण वेगळं आहे, आणि मग पुढची तपासणी लागते. सातच्या खाली असेल तर गोळ्यांवर थांबायचं नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं. पाचच्या खाली असेल तर त्याच दिवशी.

गोळी घेऊनही रक्त वाढत नाही, त्याचं सगळ्यात मोठं कारण चहा. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको, चहात लोह अडकतं. दुसरं कारण कॅल्शियम. ती पांढरी गोळी दिवसाला दोन असतात, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम, पण लोहाबरोबर घेतली की लोह अंगाला नीट लागत नाही. साधी घडी अशी बसवा: सकाळच्या जेवणासोबत एक कॅल्शियम, दुपारी खाताना दुसरी, आणि लाल गोळी रात्री जेवण झाल्यावर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. झोपेत मळमळ कळत नाही. दुधासोबत लाल गोळी कधीच नको. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पोट घट्ट होत असेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, गोळी बंद करू नका.

चुलीची माती, राख किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात. ती बहुतेकदा लोह कमी असल्याची खूण असते. मातीतून जंतही जातात, आणि ते पुन्हा रक्त पितात. सिस्टरला सांगा. चौथ्या महिन्यापासून ४०० मिलिग्रॅमची जंताची एक गोळी देतात.

खाजगी डॉक्टरांनी महाग गोळ्या लिहिल्या, उपकेंद्रातूनही मिळाल्या. दोन्ही घेऊ का?

नाही. पाकिटावर नाव वेगळं असलं तरी आत लोहच असतं. दोन्ही पाकिटं आणि कार्ड घेऊन एकाच माणसासमोर बसा, डॉक्टर किंवा सिस्टर, आणि एकच ठरवून घ्या. सरकारी गोळी फुकट मिळते म्हणून हलकी नसते. प्रोटीन पावडरचा डबा बहुतेक घरांना लागतच नाही. शेंगदाणे, डाळ, अंडी तेच काम करतात.

माझा सिकलसेल ‘एएस’ निघाला. कोणी म्हणतं लोहाची गोळी बंद कर, कोणी म्हणतं घे.

इथे दोघंही अर्धवट सांगताहेत. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. ‘एएस’ म्हणजे तुम्ही वाहक आहात, आजारी नाही. रक्त कमी असेल तर लोह इतरांसारखंच घ्यायचं. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. त्यात रक्तपेशी लवकर फुटतात, वारंवार रक्त चढवलेलं असेल तर लोह अंगात साठलेलं असू शकतं. म्हणून त्या बाईला लोहाचा साठा तपासूनच गोळी देतात, फॉलिक ॲसिड मात्र जास्त, ५ मिलिग्रॅमचं. ‘एसएस’च्या पथ्यांची ‘एएस’ला नक्कल करायची नाही, आणि उलटंही नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि मेळघाट या पट्ट्यात ही तपासणी कोणीही टाळू नये. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन रक्तात आहे. वाहक की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते. ‘पॉझिटिव्ह’ एवढाच कागद हातात असेल तर तपासणी अर्धीच झाली आहे.

तुम्ही ‘एएस’ असाल तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करा. तोही ‘एएस’ निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळ ‘एसएस’ असण्याची. प्रत्येक वेळी, नव्याने. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. पोटातल्या बाळाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन होते, किंवा १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन. पाचव्या महिन्यात नाव नोंदवलं तर यातला निम्मा वेळ निघून गेलेला असतो. ‘तीन महिने कोणाला सांगू नये’ ही रीत शेजाऱ्यांपुरती ठेवा, सिस्टरला पाळी चुकल्या-चुकल्या सांगा. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी मोफत आहे.

अशक्तपणा वाटतो. गावातला डॉक्टर सलाईन लावून देतो, ताकद येते म्हणे.

५०० मिलिलिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. शंभर कॅलरीही भरत नाहीत, म्हणजे एका भाकरीपेक्षा कमी. नुसत्या मिठाच्या बाटलीत तर शून्य. बरं वाटतं ते तासभर पडून राहिल्याने आणि अंगात पाणी गेल्याने. पण त्याच पैशात पंधरवड्याची अंडी येतात, आणि सुई स्वच्छ नसेल तर पू होतो.

दोन सलाईन मात्र खऱ्या कामाच्या. एक, उलट्यांनी काहीच पोटात ठरत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल तेव्हाची. दुसरी लोहाची. ती तपकिरी-काळपट दिसते आणि दवाखान्यात नजरेखालीच देतात, कारण क्वचित रिॲक्शन येते. ती घरी किंवा गावातल्या खोलीत लावून घ्यायची नाही.

कापूस वेचणी, निंदण चालू ठेवू का? माय म्हणते काम केलं की सुटका सोपी होते.

मायचं अर्धं खरं आहे. हालचाल चांगली, ओझं वाईट. सगळं ठीक असेल तर घरकाम, चालणं, हलकं निंदण चालतं. अडचण वेचणीत येते. कमरेला बांधलेली झोळी पोटावर लटकते आणि कापूस भरत गेला की पाठ ओढली जाते. झोळी दर अर्ध्या तासाला रिकामी करा, पाचव्या महिन्यानंतर पोटाला न बांधता खांद्याला घ्या. गाठोडं, पाण्याचे दोन गुंड, तेंदूपत्त्याचे भारे दुसऱ्याने उचलायचे.

फवारणीपासून पूर्ण लांब राहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना शेतकऱ्यांचे जीव गेले. औषध नाकाबरोबर कातडीतूनही अंगात जातं. म्हणून गरोदर बाईने औषध कालवायचं नाही, त्यासाठी पाणी भरून द्यायचं नाही, आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुवायचे नाहीत. हा शेवटचा भाग घरात सगळ्यात जास्त विसरला जातो. ते कपडे त्यानेच वेगळ्या बादलीत धुवावेत.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. शेतातलं काम सकाळी दहाच्या आत. दिवसाला तीन लिटर पाणी, घाम जास्त असेल तर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडलं. पाणी कमी पडलं की पोट आवळल्यासारखं होतं आणि कळा समजून घरचे घाबरतात. सावलीत कुशीवर पडून दोन तांबे पाणी प्या. तासाभरात थांबलं नाही तर दवाखाना.

खर्रा सुटत नाही. थोडा चालेल का?

नाही. खर्रा, नस, गुडाखू, तिन्हींत तंबाखू आहे. वारेतून निकोटीन बाळाकडे जातं, वजन घटतं, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. खर्ऱ्यातली सुपारीही निरुपद्रवी नाही. मळमळीवर म्हणून खाणाऱ्यांनी तोंडात बडीशेप, आवळकाठी ठेवावी.

पायावर सूज आहे. कोणी म्हणतं असतेच, कोणी म्हणतं मीठ-पाणी बंद कर.

संध्याकाळी घोट्यावर येऊन सकाळी उतरणारी सूज बहुतेकींना असते. चेहऱ्यावर, हातावर आली, बांगडी अडकायला लागली, आठवड्यात वजन किलोभर चढलं, तर त्याच दिवशी बीपी तपासा. १४०/९० किंवा वर म्हणजे धोका सुरू. सोबत डोकं ठणकणं, डोळ्यापुढे अंधारी किंवा काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणं असेल तर झटके येऊ शकतात. झटके आलेल्या बाईला ‘अंगात आलं’ म्हणून मांडीवर बसवून ठेवलं की जीव जातो. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

मीठ-पाणी बंद केल्याने हा आजार टळत नाही. मागच्या खेपेला बीपी वाढलेल्या बाईला तिसऱ्या महिन्यानंतर ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात. ‘रक्त पातळ होईल’ या भीतीने ती मनानेच सोडू नका. याउलट अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून मनाने घेऊ नका, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर. दुखण्या-तापाला ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल चालते.

ताप आला तर आधी काढा की आधी दवाखाना?

आधी दवाखाना. गडचिरोली आणि जंगलपट्ट्यात गरोदर बाईचा ताप म्हणजे मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजायचा. आशाताईकडच्या किटवर १५-२० मिनिटांत कळतं. मच्छरदाणीत झोपायचा पहिला हक्क गरोदर बाईचा.

वारंवार सोनोग्राफी केल्याने बाळाला त्रास होतो का? मुलगा-मुलगी कळेल का?

त्रास होत नाही, त्यात क्ष-किरण नसतात. पण उगाच दर महिन्याला करायचीही गरज नसते. पहिल्या तीन महिन्यांतली तारखेसाठी आणि १८ ते २० आठवड्यांतली व्यंगासाठी, या दोन चुकवू नका. लिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘मुलगा होण्याचं औषध’ हा फसवणुकीचा धंदा आहे. लिंग गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, नंतरच्या पुडीने फक्त बाळाला अपाय होऊ शकतो.

ग्रहणात भाजी चिरली तर ओठ फाटतो?

नाही. फाटका ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच घडतो, ग्रहण कधीही असो. घरात बसायला सांगितलं तर बसा, झोपायला मिळतं. उपाशी-तहानलेलं मात्र राहू नका, आणि गोळीची वेळ चुकवू नका.

नवव्या महिन्यात तूप, एरंडेल, कळांचं इंजेक्शन… काय खरं?

तुपाने वाट गुळगुळीत होत नाही. अन्न पोटातून आतड्यात जातं, गर्भाशयात नाही. भातावर चमचाभर तूप खा, वाटीभर पिऊ नका. एरंडेलाने जुलाब होतात, कळा आल्याच तर वेड्यावाकड्या, आणि बाळंतपणाच्या तोंडावर बाई गळून जाते. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कोणाकडूनही घेऊ नका, सुईण कितीही जुनी असो. त्याचा जोर मोजून देता येत नसेल तर गर्भाशय फाटतं. दवाखान्यात तेच औषध सलाईनमधून थेंब मोजत आणि बाळाचे ठोके ऐकत देतात.

बाळ हलतं का, हे रोज पाहा. २८ आठवड्यांनंतर जेवून डाव्या कुशीवर पडा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. कमी वाटल्या तर ‘बाळ झोपलं असेल’ म्हणत रात्र काढू नका. आणि या गोष्टींत कोणाचाही सल्ला विचारायचा नाही, थेट निघायचं: अंगावरून रक्त जाणं, कळा नसताना पाणी जाणं, पाणी हिरवट असणं, झटके, दम लागणं, ताप. गाडीसाठी १०२, तातडीला १०८. घर ते दवाखाना, तिथून परत, औषध, रक्त, जेवण, सिझेरियनसुद्धा, सरकारी दवाखान्यात सगळं मोफत आहे. हे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात येतं.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव तुटतं, अशा ठिकाणी कळांची वाट पाहायची नाही. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर असतं. तारखेच्या आठवडाभर आधी सोबत एक माणूस घेऊन तिथे राहता येतं.

घरच्यांना नाही म्हणायचं कसं? रोजची भांडणं नकोत.

सुनेने सासूला समजवायला जाऊच नये, ते काम दुसऱ्याचं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. त्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या: “डॉक्टर, अंबाडी देऊ का? गोळीने काळं होते का?” कार्डावर रक्ताचा आकडा लिहून मिळतो. मागच्या महिन्यात ८.६ होतं, आता ९.५ आहे, हे त्यांनी स्वतः पाहिलं की पुढच्या महिन्यात गोळीची आठवण त्याच करतात. आणि त्यांची एखादी रीत, जिच्याने काही बिघडत नाही, ती मनापासून पाळा.

बाळंतपणाला माहेरी जायचं आहे. काय सोबत न्यायचं?

सातव्यात जायचं ठरलं तर प्रवास आधी उरका, ३६ आठवड्यांनंतर खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी नको. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा आणि सिकलसेलचा कागद, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स एका पिशवीत ठेवा. निघायच्या आधी सासरच्या आशाताईकडून धनुर्वाताचे डोस झाले का ते पाहा. एक पहिल्या भेटीत, दुसरा चार आठवड्यांनी. तीन वर्षांच्या आत दोन्ही झाले असतील तर फक्त एक. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन २८ आठवड्यांत आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत लागतं. हे कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहून घ्या. माहेरी पोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या उपकेंद्रात कार्ड दाखवून नाव चढवून घ्या, म्हणजे गोळ्या मध्येच तुटत नाहीत. रात्री कळा आल्या तर कोणती गाडी आणि कोणाचा फोन, हे त्याच दिवशी कार्डाच्या मागे लिहा.